न झालेल्या भावाची हरकत

टेलरबाईंना आयुष्यात कधी उशीर झाला नव्हता, आणि याचा त्यांना जरा जास्तच अभिमान होता. एक वर्ष संपायच्या आत पुढल्या वर्षाच्या गणवेशाचं कापड त्यांच्या दुकानात येऊन पडे. पोरं सुट्टीत उंडारत असताना इकडे सदरे, चड्ड्या, पिनाफोर इस्त्री होऊन खोक्यांत जात. एखादी आई पोराला मापासाठी उभं करी, तेव्हा बाई टेप गळ्यातून न काढता त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळत आणि म्हणत, "आत्ताचं माप राहू द्या. वर्ष सरेपर्यंत हा केवढा होणार, त्याचं शिवते." मग शिवणीत चांगली बोटभर माया ठेवलेली असे. पोरगं वाढलं की शिवण उसवायची, कापड सोडायचं आणि पुन्हा टीप मारायची. एक सदरा दोन वर्षं जाई. आया खूश असत. पोरांना मात्र वर्षभर बाह्या दुमडून फिरावं लागे, पण त्यांना कोण विचारतंय.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. तिथे जे चाले तेच मागच्या खोल्यांत. उद्याची भाजी आज निवडलेली, विजेचं बिल हातात पडल्याच्या दिवशीच भरलेलं. कुणाकडे लग्नाला गेल्या तर मांडव घालणाऱ्यांना या बाई खुर्च्या कुठे मांडायच्या ते सांगत बसलेल्या. त्यांचे यजमान उभा जन्म बस चालवून निवृत्त झालेले. ते म्हणत, "गाडी उशिरा सोडली तर लोक शिव्या घालतात. वेळेआधी सोडली तर लोकच मागे राहतात. मी उशिराच्या शिव्या खाल्ल्या, पण माणसं मागे टाकली नाहीत."

"म्हणून तर तुम्हाला बढती मिळाली नाही," टेलरबाई म्हणत, आणि विषय संपे.

त्यांना एकच मुलगी, ती परदेशात. तिकडच्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत कामाला. मागायचं म्हणून काही मागणारी ती पोरच नव्हे; शाळेत पेन्सिल संपली तरी शेजारणीच्या पेन्सिलीचा तुकडा घेऊन वेळ मारून नेणारी. तिला दिवस गेले होते. आधी एकदा गेले होते तेव्हा तिसऱ्याच महिन्यात सगळं आटोपलं, नवरा कामावर आणि ती इस्पितळाच्या बाकड्यावर एकटी. हे तिने आईला पुष्कळ दिवसांनी सांगितलं होतं, तेही दुसरंच काही बोलताना. या वेळी फोनवर ती म्हणाली, "आई, तू असशील का गं त्या वेळी?"

"तू आत जाशील तेव्हा मी दाराबाहेर असेन," टेलरबाई म्हणाल्या.

त्याच आठवड्यात त्यांनी बॅग भरली. बाळाची झबली, टोपडी, लंगोट, सगळं मऊ सुताचं, स्वतः बेतलेलं. यजमानांनी बॅगेकडे बघितलं आणि विचारलं, "पासपोर्ट?"

"तो काय, काढायचा."

पासपोर्टच्या खिडकीवर कळलं की शाळेचा दाखला चालत नाही, जन्माच्या मूळ नोंदीची नक्कल लागते. टेलरबाईंनी नाक उडवलं आणि तिथून घरीसुद्धा न जाता तडक नोंदणी कचेरी गाठली. त्यांचा जन्म याच गावातला, आजोळच्या घरी. म्हणजे नोंद इथेच असणार. नक्कल संध्याकाळपर्यंत मिळावी असा त्यांचा हिशेब.

कचेरीत नकलांची खोली तळमजल्यावर, जिन्याखाली. दारात मोडक्या खुर्च्यांचा ढीग, आत छतापर्यंत रॅक, त्यांत कापडात बांधलेले गठ्ठे. टेबलापाशी बसलेले कारकून अंगाने आडवे आणि बोलण्याला सावकाश. खोकल्यासाठी त्यांनी लवंग गालात धरली होती, ती ते बोलताना एका गालातून दुसऱ्या गालात नेत. टेलरबाईंनी तारीख सांगितली, बापाचं नाव, आईचं नाव, घराचा पत्ता.

"चार दिवसांनी या."

"वर्ष सांगितलंय, तारीख सांगितलीय. गठ्ठा तो तिथे दिसतोय, दुसऱ्या फळीवर. चार दिवस कशाला?"

कारकुनांनी त्यांच्याकडे बघितलं, लवंग फिरवली आणि बहुधा ही बाई जाणार नाही हे ओळखून उठले. गठ्ठा खाली आला. धूळ झाली. पानं उलटली. त्या तारखेला काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी नव्हतं, आठवडाभर पुढे नव्हतं.

"मागे बघा," टेलरबाई म्हणाल्या.

"जन्माच्या आधी नोंद कशी असेल, बाई?"

"तुम्ही बघा तर."

दोन पानं मागे गेल्यावर कारकुनांचं बोट थांबलं. "वडिलांचं नाव बरोबर. आईचं बरोबर. पत्ता, तोच. नोंदवणारा, आईचे वडील. तारीख मात्र तुम्ही सांगता त्याच्या दोन दिवस आधीची." मग त्यांनी चष्मा वर केला. "आणि हा मुलगा आहे."

"कोण मुलगा?"

"हा. अपत्य, पुरुष."

"मला भाऊ नाही."

"इथे आहे."

"अहो, दोन दिवसांच्या अंतराने एका बाईला दोन मुलं कशी होतील?"

"मी कुठे म्हणतोय झाली? मी लिहिलेलं वाचतोय. नोंदीप्रमाणे मुलगा झाला. तुम्ही झाल्याची नोंद नाही."

"मग त्या मुलाचं काय झालं?"

"ते तुम्ही सांगायचं. वारला असेल तर मृत्यूचा दाखला आणा."

"जन्मलाच नाही तर मरेल कसा?"

"मग जिवंत आहे," कारकून म्हणाले आणि गठ्ठा बांधू लागले. त्यांच्या आवाजात कुचकेपणा नव्हता. खरं तर तेवढाच काय तो त्रास होता, कारण कुचक्या माणसाशी भांडता येतं.

यावर बोलू शकेल असं एकच माणूस उरलं होतं. टेलरबाईंची धाकटी मावशी. वय पुष्कळ झालेलं, कान गेलेले, जीभ शाबूत. टेलरबाई जन्मल्या तेव्हा ती फ्रॉकमधली पोर होती. सगळं ऐकून मावशी आधी हसली, मग तिला ठसका लागला, मग पाणी पिऊन पुन्हा हसली.

"म्हणजे ते तसंच राहिलं होय," ती म्हणाली.

"काय तसंच राहिलं?"

"अगं, तुझे आजोबा. तुझ्या आईला सकाळी कळा सुरू झाल्या. सुईण म्हणाली, पोट टोकदार आहे, मुलगाच. आजोबांना घरपट्टी भरायला कचेरीत जायचंच होतं, आणि पुढे कचेरीला सुट्ट्या. ते म्हणाले, मी घरी येईपर्यंत झालेलंच असेल, मग जाता जाता तेही काम उरकून टाकतो, पुन्हा खेटा कशाला. आणि आले की नोंद करून."

"मी व्हायच्या आधी?"

"दोन दिवस आधी. तुझी आई तळमळतेय आणि हे दारात उभे, झालं का, झालं का. कळा थांबल्या, पुन्हा आल्या, पुन्हा थांबल्या. आणि तू आलीस ती मुलगी."

"मग दुरुस्त नाही केलं?"

"तुझी आजी म्हणाली त्यांना, जाऊन बदलून या. तर म्हणाले, झाली ती नोंद झाली, कुणी विचारायला येतंय? तुझे आजोबा एक काम दोनदा करणारे नव्हेत. तुझ्या आईने त्यावरून त्यांच्याशी महिनाभर अबोला धरला होता. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही."

टेलरबाईंना राग आला तो पोट टोकदार असण्याचा, मुलगाच धरून चालण्याचा. त्या काळच्या सगळ्याच आजोबांचं तसं होतं, त्यात नवल काही नाही. पण घरपट्टीच्या खेपेत नातवंड उरकणं, याला काय म्हणावं? मावशी मात्र त्यांच्याकडे टक लावून बघत होती.

"काय बघतेस?"

"काही नाही. अगदी त्यांच्यावर गेलीयस."

नोंदणी अधिकारी ही तिशीची, नीटनेटकी बाई होती. टेबलावर काच, काचेखाली काही नाही. तिने मावशीचा जबाब स्वतः लिहून घेतला, तिच्या कानाशी वाकून, मोठ्याने. मग टेलरबाईंना समजावून सांगितलं. ही लिहिण्यातली चूक नाही, नोंद करणाऱ्याने सांगितलंच चुकीचं. त्यामुळे अशी नुसती खाडाखोड करता येत नाही. कचेरीच्या फलकावर महिनाभर जाहीर नोटीस लावायची की सदर मुलगा अस्तित्वात नाही, कुणाची हरकत असल्यास कळवावी. मुदतीत हरकत आली नाही तर टेलरबाईंनी तसं प्रतिज्ञापत्र द्यायचं, मग नोंद दुरुस्त आणि नक्कल हातात.

"हरकत कोण घेणार, मॅडम?"

"तो स्वतः. किंवा त्याचे वारस."

"तो नाहीच."

"म्हणूनच विचारायचं," अधिकारी बाई म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत.

टेलरबाईंनी तारखांचा मेळ घातला. महिनाभर नोटीस, मग पासपोर्ट, मग व्हिसा. मुलीच्या बाळंतपणाच्या तारखेआधी पोचता येत होतं. अगदी काठावर, पण येत होतं.

नोटीस लागली. हरवलेल्या शिक्क्याची जाहिरात आणि कुठल्याशा जुन्या टेबलांचा लिलाव यांच्या मध्ये, टाचणीला. यजमानांना त्यात भलताच रस निर्माण झाला. सकाळी चहा घेताना ते विचारत, "काय, माझ्या मेहुण्याची काही खबर?"

"गप्प बसा."

"नाही, इतक्या वर्षांत कधी घरी आला नाही, मानपान मागितला नाही. असा मेहुणा मिळायला नशीब लागतं. तू उगाच त्याला घालवायला निघालीस."

दुकानात काम करणाऱ्या मुलींनाही तोच चाळा. काजं करताना एक म्हणायची, मामांचं माप काय घ्यायचं? दुसरी म्हणायची, वाढत्या अंगाचं शिवा. टेलरबाई वरवर चिडत, पण कचेरीत मात्र दर दोन-तीन दिवसांनी जाऊन येत. फलकापाशी उभं राहून कागद जागेवर आहे की नाही ते बघत. एकदा वाऱ्याने टाचणी सुटली होती, ती त्यांनी स्वतःच्या जवळची लावली. कारकून खिडकीतून बघत. त्यांनी लवंग पुढे केली, टेलरबाईंनी घेतली नाही.

नेमकी त्याच सुमाराला शाळांची कामं अंगावर आली, आणि टेलरबाईंनी जे करायचं ते केलं. वकिलांचं घर दुकानाच्या वाटेवर. प्रतिज्ञापत्र पुढे लागणारच होतं. मुदत संपली की त्या दिवशी धावपळ नको, म्हणून त्यांनी ते आधीच टाईप करून घेतलं. वकिलांनी विचारलं, "मुदत संपली ना?" बाई म्हणाल्या, "संपल्यातच जमा." खाली सही केली, वकिलांनी शिक्का मारला, त्या दिवशीची तारीख पडली. आणि कचेरीच्या बाजूला कापडवाल्याकडे जायचंच होतं, तेव्हा तो कागद त्यांनी जाता जाता आवक खिडकीवर देऊनही टाकला. पोच घेतली. एक काम हातावेगळं झालं.

मुदत संपल्यावर त्या नक्कल घ्यायला गेल्या, तर अधिकारी बाईंनी आत बोलावलं. समोर तेच प्रतिज्ञापत्र.

"हे वाचा," त्या म्हणाल्या.

टेलरबाईंना वाचायची गरज नव्हती, तरी त्यांनी वाचलं. नोटिशीची मुदत पूर्ण झाली असून कोणाचीही हरकत आलेली नाही, हे मी शपथेवर सांगते. खाली तारीख.

"या तारखेला मुदत पूर्ण झाली होती?"

"एक आठवडा राहिला होता. पण आली नाहीच ना हरकत? शेवटी खरंच ठरलं ना ते?"

"ठरलं. पण तुम्ही सांगितलं तेव्हा ते घडलेलं नव्हतं." अधिकारी बाईंनी कागद उलटा करून ठेवला. "शपथेवर चुकीचं सांगितलं म्हणून मला हे प्रकरण रद्द करावं लागतं. पुन्हा अर्ज, पुन्हा नोटीस. मला यात काही करता येत नाही."

टेलरबाईंनी भांडायला तोंड उघडलं, आणि त्यांना उघड्या तोंडाने तसंच थांबावं लागलं. दाराशी कारकून जुन्या नोंदवहीचा गठ्ठा घेऊन उभे होते, प्रकरणासोबत परत न्यायला. आजोबांच्या नोंदीचा विषय कारकुनांनी काढला नाही, आणि हे त्यांच्या चांगुलपणात धरलं पाहिजे.

घरी येऊन त्यांनी यजमानांना सांगितलं. मेहुण्याचा विनोद आता येणार म्हणून त्या तयारीतच होत्या. यजमान म्हणाले, "जेवून घे." आणि पोळ्या त्यांनीच शेकल्या, जाड आणि कडा कच्च्या.

दुसरी नोटीस लागली. या वेळी टेलरबाई बघायला गेल्या नाहीत. तारखांचा मेळ पुन्हा घालून झाला होता. आता मुलीच्या तारखेच्या बऱ्याच नंतर पोचणं होतं. मुलीला फोनवर हे सांगणं हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच पुढे ढकललेलं काम. ढकलता ढकलता तिचाच फोन आला, भलत्याच वेळी, दुपारी मशीन चालू असताना. बोलत जावई होते.

"आई, झाली. मुलगी. दोघी छान आहेत."

"आत्ता? अजून तर कितीतरी..."

"हो ना, आधीच आली. डॉक्टर म्हणाले काही काळजी नाही, वजन बरं आहे."

मग मुलगी बोलली. आवाज थकलेला होता, पण स्वच्छ. "आई, तू ठरल्या दिवशी आली असतीस तरी चुकलीच असतीस. ही तुझ्याही वरची निघाली."

"तू एकटी होतीस?"

"नाही. हे होते. पूर्ण वेळ होते, मग पडले चक्कर येऊन, मग पुन्हा उभे राहिले." मग ती म्हणाली, "मी तुझं नाव घेत होते सारखं. नर्सला वाटलं तेच बाळाचं नाव ठेवायचंय."

पायाखालचं पायडल टेलरबाईंनी उगीच एकदा हलवलं. रिकामी सुई खाली गेली आणि वर आली.

"आता सावकाश ये," मुलगी म्हणाली. "घाई करू नकोस."

असं त्यांना आजवर कुणी म्हटलं नव्हतं असं नाही. यजमान रोज म्हणत. पण ते ऐकायचं असतं हे त्यांना कधी वाटलं नव्हतं.

मुदत संपली. त्यानंतर आणखी एक दिवस त्यांनी मुद्दाम जाऊ दिला, मग वकिलांकडे गेल्या. वकील म्हणाले, "मुदत संपली ना?" बाईंनी फलकावरून काढलेला नोटिशीचा कागदच टेबलावर ठेवला, टाचणीच्या भोकांसकट. हरकत आली नव्हती. भाऊ शेवटपर्यंत आला नाही.

नक्कल तयार झाली त्या दिवशी कारकुनांनी त्यांना खुर्ची दिली, मोडक्या ढिगातली त्यातल्या त्यात धड बघून. "वाचून घ्या, मग सही करा," ते म्हणाले. "घाई नाही ना?"

"नाही," टेलरबाई म्हणाल्या आणि एकेक रकाना वाचत गेल्या. अपत्य, स्त्री. तारीख, त्यांची. नोंदवणारा या रकान्यात आजोबांचंच नाव राहिलं होतं. ते बदलत नाही, कारकून म्हणाले. राहू द्या, बाई म्हणाल्या. वाचून झाल्यावर त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मागे रांगेतल्या एका माणसाने खाकरून दाखवलं. टेलरबाईंनी वळून बघितलंसुद्धा नाही. मग सही केली, आणि कारकुनांनी पुढे केलेली लवंगही घेतली.

त्या पोचल्या तेव्हा नात चांगली बाळसं धरलेली, मान सावरायला लागलेली. बॅग उघडली तर इतक्या महिन्यांपूर्वी शिवलेली झबली तिच्या दंडावरून वर सरकेनात. जावई म्हणाले, "राहू द्या आई, इकडे मिळतात तयार." मुलगी म्हणाली, "अहो, थांबा जरा. आईला बघू द्या."

टेलरबाईंनी झबलं उलटं केलं. कडेच्या शिवणीत माया होतीच, ती काय त्या कधी विसरणार. जेवणाच्या टेबलावर बसून त्यांनी मुलीच्या नखं कापायच्या कात्रीने एकेक टाका उसवला. मशीन नव्हतं, मग हातानेच टीप घालत बसल्या. नात त्यांच्या मांडीवर, पाय झाडत. जावई समोर बसून बघत होते, मदत काय करावी हे न कळलेल्या माणसासारखे.

"हिच्या जन्माची नोंद केलीत का?" बाईंनी मान वर न करता विचारलं.

"हो, केव्हाच केली."

हात थांबला. "केव्हाच म्हणजे केव्हा?"

"म्हणजे... झाल्यावर," जावई जरा बिचकून म्हणाले. "ती झाल्यावर, आई. दुसऱ्या दिवशी."

"हं," टेलरबाई म्हणाल्या. "बरं केलंत." आणि त्यांनी दोऱ्याला गाठ मारली.